दार लावून खाल्लेला भात

आमच्या अण्णांना शुगर नव्हती. कधीच नव्हती. हे एवढंसं वाक्य लिहायला मला त्यांच्या माघारी वर्ष लागलं, आणि तेही गोजर आत्याला वाचता येत नाही म्हणून लिहू शकतेय.

अण्णा म्हणजे जालिंदर आचारी. नगरकडच्या कर्जतच्या पुढं आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. आसपासच्या वीस-पंचवीस गावांत लग्न असो, वास्तुशांत असो की दहावा, अण्णांची तारीख आधी विचारली जायची आणि मग गुरुजींची. "जालिंदर रिकामा हाय का बघा, मुहूर्त काय, मागंपुढं करता येतो," असं लोक उघड म्हणत. गुरुजीही हसत, कारण दक्षिणा घेऊन झाल्यावर तेही अण्णांच्याच पंगतीला बसत.

कर्जत-जामखेडकडची शिपी आमटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना मी काय सांगू? डाळीच्या पाण्याची, काळ्या मसाल्याची, वर बोटभर लाल तवंग. चपाती कुस्करायची, वरून आमटी ओतायची आणि नाक-डोळे पुसत खायची. हजार माणसांची आमटी अण्णा एका चरावर, म्हणजे जमिनीत खणलेल्या लांब चुलीवर उतरवायचे. आमच्याकडे एक रीत आहे. आमटीला शेवटची उकळी आली की पहिली पळी चुलीतल्या विस्तवाला, आणि दुसरी आचाऱ्याच्या तळहातावर. यजमान समोर उभा असतो. आचाऱ्याने चाखायची, मान हलवायची, मग पानं मांडायची. ज्याने रांधलं त्यानं आधी खाल्लं, म्हणजे बाकीच्यांनी बिनघोर खावं, असा त्याचा अर्थ. त्या मान हलवण्यात अण्णांचा सगळा रुबाब होता.

दहा-अकरा वर्षांपूर्वी अण्णांना रक्त पडायला लागलं. दिवसातून दहा-बारा वेळा परसाकडं जावं लागायचं. घरात सगळ्यांनी मूळव्याध ठरवून टाकली, कारण मूळव्याध सगळ्यांना माहीत असते. झाडपाला झाला, ताक झालं, एका वैदूनं पुड्या दिल्या. वर्षभरात माणूस निम्मा झाला. शेवटी मी आणि आईनं त्यांना नगरला नेलं. तिथं दुर्बिणीतून तपासलं आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. आजार जन्माचा, गोळ्या घेतल्या तर दबून राहतो, मधूनमधून डोकं वर काढतो. तिखट, मसाला, कोंड्याची भाकरी, पालेभाजी, असलं काही त्यांना सोसत नव्हतं. मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा चालायचा.

माझ्या आईचं नाव भागिरथी. ती डॉक्टरांचं सगळं शांतपणे ऐकून एकच म्हणाली, "लोकान्ला लागतो का ह्यो आजार?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग लोकान्ला सांगायचं काय?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं बाई अडाणी आहे. बाई अडाणी नव्हती. शेजारच्या गावातल्या एका आचाऱ्याच्या पंगतीत एकदा चाळीस जणांना ढाळ लागले होते, आणि त्या माणसाला पुढं सात वर्षं कुणी चहासुद्धा करायला बोलावलं नव्हतं. ज्याला स्वतःलाच हागवण, त्याच्या हातचं कोण खाणार? लागणारा आजार नाही हे डॉक्टरला माहीत; गावाला कोण समजावणार?

परत येताना एसटीत आईनं ठरवलं. शुगर! शुगर घरोघरी होती. सरपंचाला होती, मास्तरांना होती. शुगरवाल्याला सारखं उठावं लागतं, तो बारीक होतो, त्याला गोळ्या कायमच्या असतात. सगळं बसत होतं. शिवाय शुगर हा इज्जतीचा आजार; खात्यापित्या घरचा म्हणतात त्याला. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. शुगर तर शुगर." मी तेव्हा बारावीला होते. मला आईचं कौतुक वाटलं होतं, हे मी कबूल करते.

इथून पुढं जे झालं ते आठवलं की मला हसू येतं आणि मग त्या हसण्याचीच चीड येते.

शुगरवाल्याला लोक काय खायला घालतात? ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा. आणि काय देत नाहीत? भात, केळं, बटाटा. म्हणजे अण्णांना जे विष तेच गाव त्यांना प्रेमानं वाढायचं, आणि जे औषध ते समोरून उचलून न्यायचं. पंगती उठल्यावर घरधनीण स्वतः ताट घेऊन यायची, "अण्णा, तुमच्यासाठी मुद्दाम भाकरी टाकलीय. भात न्हाई वाढला बरं का, मला ठावं हाय." त्या बाईचा चेहरा बघून कोण नाही म्हणेल? अण्णा चार घास खायचे, तिच्या हाताची तारीफ करायचे, आणि रात्रभर पोट आवळून पडायचे.

भात ते घरी खायचे. दार लावून. आई आतून कडी घालायची आणि पातेलीतला गुरगुट्या भात, नुसतं मीठ घातलेला, त्यांच्या पुढं ठेवायची. कुणी हाक मारली की ताट खाटेखाली जायचं. ज्या माणसानं लाखभर पानं वाढली असतील, तो स्वतःच्या घरात चोरासारखा जेवायचा. एकदा मी चिडून दार सताड उघडलं. आईनं माझ्या थोबाडीत मारली. अण्णांनी ताट उचलून माळवदाच्या जिन्याखाली नेलं आणि तिथं अंधारात बसून संपवलं.

आमटी चाखायचं काय, हा प्रश्न आईनंच सोडवला. ती त्यांच्याबरोबर कामाला जायला लागली. दुसरी पळी तिच्या तळहातावर पडायची. ती डोळे मिटून चाखायची आणि बोटं हलवायची. एक बोट म्हणजे मीठ, दोन म्हणजे अजून उकळी. तिच्या बोटांकडं बघून अण्णा मान हलवायचे. "जालिंदरची जीभ आता बायकोच्या तोंडात," म्हणून लोक थट्टा करायचे. "आधीच बोलायला कमी हुती का?" म्हणून आई उलट टोला हाणायची. नऊ वर्षं असं चाललं आणि एकदासुद्धा आमटी बिघडली नाही. त्या दोघांना मी कधी जवळ बसून बोलताना पाहिलं नाही, पण ती बोटं आणि ती मान मी पाहिली आहे.

आणि मग गोजर आत्या.

गोजरबाई अण्णांची आत्या. अण्णांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. गोजर आत्या नवऱ्यामागं माहेरी आलेली; तिनं आपली लेक आणि हा भाचा दोघांना एका ताटात वाढवलं. आता ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली, तोंडानं फटकळ आणि आतून लोणी. तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सकाळी तिच्या कानात सांगितलेलं दुपारपर्यंत पारावर पोचायचं, तेही तिखटमीठ लावून. त्यामुळं खरं काय ते तिला सांगायचा प्रश्नच नव्हता.

जालिंदरला शुगर झाली म्हटल्यावर ती आठ दिवस रडली आणि नवव्या दिवशी कामाला लागली. परसात कारल्याचा वेल लावला. रोज सकाळी कारलं, कडुनिंबाचा पाला, भिजवलेली मेथी पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची आणि पितळी फुलपात्रात तो हिरवा रस घेऊन आमच्या दारात यायची. अण्णा पितात की नाही ते बघत समोर बसायची.

"घे बाबा. कडू हाय, पर गुन हाय."

आईनं सगळे उपाय केले. नंतर पितील म्हणाली, ते आंघोळीला गेलेत म्हणाली. आत्या पदरानं घाम पुसत उंबऱ्यावर बसून राहायची. शेवटी अण्णा घ्यायचे. नाक न धरता, एका घोटात, आणि वर म्हणायचे, "आत्या, आज जास्तच कडू केलंस बघ." मग ती बोळकं उघडून हसायची.

मी कितीदा भांडले असेन! "अण्णा, आतडं सोललेलं असताना हे काय पिताय? सांगा ना तिला."

"तिला वाटतंय तिच्यामुळं मी उभा हाय. ऱ्हाऊ दे."

"आणि तुम्ही आडवे झालात तर?"

"तुझी जीभ लई चालती, ज्ञाने," एवढंच म्हणायचे. ज्ञानेश्वरी हे माझं नाव त्यांनी पूर्ण कधी घेतलंच नाही.

कारल्याच्या रसानं अण्णा गेले असं मी म्हणत नाही. नगरचे डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. आजार आजाराच्या चालीनं चालला होता. पण प्रेमानं दिलेलं नाकारता येत नाही ही आमच्या घराची खोड त्या फुलपात्रात रोज सकाळी दिसायची.

मागच्या वर्षी आजारानं जोर केला. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि बजावून सांगितलं, या एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करायच्या. महिन्याभरात अण्णांचा चेहरा गोल झाला, गालांवर मांस आलं. गाव हरखलं. "जालिंदर सुधारला! आत्याच्या कारल्यानं शुगर पळाली!" लोक फुलपात्रं घेऊन आत्याच्या दारात रस मागायला यायला लागले. तिचा वेल सहा घरांना पुरेना. आणि अण्णांचा रस तिनं दोन वेळा केला.

तो सुजलेला चेहरा घेऊन अण्णा लग्नसराईत उभे राहिले. आईला मी फोनवर सांगत होते, या वर्षी काम नको. आई म्हणायची, "आता ठनठनीत दिसत्यात गं. आताच नको म्हनलं तर लोक इचारतील." तिचं खरं होतं. खोटं एकदा बोललं की ते मोडू नये म्हणून दुसरं बोलावं लागतं; आणि मग आपणच त्याचे गडी होतो.

वैशाखातला शुक्रवार होता. गोजर आत्या आदल्या दिवशी लेकीच्या नातवाच्या बारशाला सोनईला गेली होती. अण्णा गावातच एका लग्नाची आमटी करत होते. उकळी आली, विस्तवाला पळी दिली, दुसरी पळी आईच्या तळहातावर ओतता ओतता अण्णा खाली बसले आणि मग आडवे झाले. त्यांचं धोतर लाल झालं होतं. आईनं डोक्यावरचा पदर काढून त्यांच्या कमरेला गुंडाळला. चाळीस वर्षांत तिचं डोकं लोकांनी तेव्हा पहिल्यांदा उघडं पाहिलं.

पोरांनी त्यांना उचलून गावातल्या दवाखान्यात नेलं. त्यांच्याबरोबर चरावर काम करणारा वैजनाथ सगळ्यांच्या पुढं. डॉक्टरांनी विचारायच्या आत तोच म्हणाला, "शुगरचा पेशंट हाय." बोटाला सुई टोचली. मशीननं तीनशेच्या वर आकडा दाखवला. स्टिरॉइडनं शुगर वाढते हे मला नंतर कळलं. नऊ वर्षं जे खोटं होतं ते त्या दिवशी मशीननं खरं करून दाखवलं.

डॉक्टर तरुण होते, नवीन होते. त्यांनी आईला विचारलं, "शुगर किती वर्षं आहे?"

आईनं दाराकडं पाहिलं. दारात, खिडकीत, पायऱ्यांवर माणसं. मांडवातली निम्मी वऱ्हाडी मंडळी जेवण सोडून आली होती. सगळ्यांनी कधी ना कधी अण्णांच्या हातचं खाल्लेलं. तिनं खरं सांगितलं असतं तर नऊ वर्षांतली एकेक पंगत त्यांच्या पोटात उलटी फिरली असती. तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी मान हलवली. आमटीला हलवायचे तशीच.

"नऊ वर्सं," आई म्हणाली.

"गोळ्या कुठल्या?"

"शुगरच्याच."

"त्या आता बंद. मी इंजेक्शन देतो."

स्टिरॉइड त्या क्षणी बंद झालं. यात त्या डॉक्टरचा काय दोष? त्याला जे सांगितलं त्यावर त्यानं औषध दिलं.

आई मला नंतर म्हणाली, "मला वाटलं, मानसं हटली की डाक्टरला एकट्याला गाठून सांगीन." पण माणसं हटलीच नाहीत. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही. अण्णांवर जीव नसता तर गाव पाच मिनिटांत उठून गेलं असतं. इथं गाव पाळ्या लावून बसलं. कुणी पाय चेपत होतं, कुणी वारा घालत होतं, बायका आईला धरून बसल्या होत्या. संडासला नेतानाही चौघं बरोबर. "रक्त पडतंय" असं कुणीतरी म्हणालं, तर दुसरं म्हणालं, "उष्णता हाय, शुगरमदी व्हतं." डॉक्टरपर्यंत ते पोचलंच नाही. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, तशी ती माया. दोन दिवसांत आईला डॉक्टरशी एकटीनं बोलायला मिळालं नाही.

तिनं मला फोन केला होता, शुक्रवारी संध्याकाळी. "अशक्तपना आलाय, सलाईन लावलंय." मागं माणसांचा गलका. मी विचारलं, "आई, रक्त पडतंय का?" ती म्हणाली, "व्हय, व्हय. सगळे जेवले. तू ये सवडीनं." ती लोकांपुढं बोलत होती आणि "व्हय" हे मला होतं. मी नगरला शाळेत शिकवते. शनिवारी माझ्याकडं निकालाचं काम होतं. मला तो व्हय कळला नाही, असं मी स्वतःला सांगते. कळला होता असंही वाटतं.

रविवारी सकाळी मी पोचले. अण्णांचं पोट फुगलं होतं, डोळे खोल गेले होते. आदल्या संध्याकाळी आत्या सोनईहून आली होती आणि उशाशी बसून होती. मी सगळ्यांच्या देखत ओरडले, गाडी आणा म्हणून. कारण नाही सांगितलं. माझीही जीभ तेव्हा उचलली नाही. "शुगर लई वाढलीय, नगरला न्यायला पाहिजे," असं म्हणाले मी. आईची लेक शोभले.

गाडीत मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आई पुढं बसली होती, तोंडात पदराचा बोळा घालून. मिरजगावच्या पुढं अण्णांनी डोळे उघडले.

"ज्ञाने, भात खायचा गं मला."

"खा ना अण्णा. बरे झालात की रोज खा."

"दार उघडं टाकून."

"दार उघडं टाकून," मी म्हणाले.

"आत्याला काय सांगू नको," ते म्हणाले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

नगरला डॉक्टर म्हणाले, आतडं फुगून फाटलं आहे, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. ऑपरेशन केलं. मंगळवारी दुपारी अण्णा गेले. रुग्णालयाच्या कागदावर आजाराचं खरं नाव होतं. आईनं तो कागद घडी घालून चोळीत ठेवला आणि गावात कुणाला दिसू दिला नाही. गाव अजून म्हणतं, शुगरनं नेला.

दहाव्याला लोकांनी पिंडाशेजारी त्यांच्या आवडीचं पान ठेवलं. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा आणि परतलेलं कारलं. नऊ वर्षं ज्याच्यामुळं माणूस कळवळला ते सगळं एका पानात, आवडीचं म्हणून. मला वाटलं, कावळा शिवणार नाही. लगेच शिवला. कावळ्याला काय!

त्या दिवशीची आमटी वैजनाथनं केली. दुसरी पळी त्यानं आईपुढं धरली, तिचा मान म्हणून. आईनं तळहात पुढं केला, चाखली, आणि कुठलं बोट हलवायचं ते तिला आठवेना. उभी राहिली तशीच. मीच मान हलवून पानं मांडायला सांगितली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून बसले होते. आता बास. आत्याला सांगायचं, मग गावाला कळू दे. आता कुणाचं काय बिघडणार आहे? ती आली. हातात फुलपात्र होतं. उंबऱ्यावर बसली आणि तिनं स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला सुरुवात केली.

"माझ्या हातानं गेला गं माझा जालिंदर. दोन दिस सोनईला ऱ्हायले बारशाचं ग्वाड खात. दोन दिस रस चुकला आन् शुगर उसळली. नऊ वर्सं राखला, आन् दोन दिसात घालवला."

मी तिचे हात धरले. तोंड उघडलं. सांगायला दोनच वाक्यं लागली असती. तुझा रस चुकला म्हणून ते गेले नाहीत, आत्या, हे पहिलं. मग तिनं विचारलं असतं, मंग कशानं? आणि दुसऱ्या वाक्यात तिची नऊ वर्षं, तो वेल, तो पाटा, सगळं आलं असतं. तिला एकतर दोन दिवसांचं पाप पोसायचं होतं, नाहीतर नऊ वर्षांचं. यातलं मी काय द्यायचं होतं तिला?

आई चुलीपाशी उभी होती, आमच्याकडं पाठ करून.

आत्यानं डोळे पुसले, फुलपात्र उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"बापाची शुगर लेकीला येती म्हनत्यात. तुला न्हाई हू द्यायची मी. आता एक दिस बी चुकायची न्हाई. घे बाय. कडू हाय, पर गुन हाय."

मी घेतलं. नाक न धरता, एका घोटात प्यायले. घशापासून खाली सगळं जळत गेलं, आणि रोज सकाळी अण्णा काय गिळत होते ते मला तेव्हा कळलं.

"आत्या," मी म्हणाले, "आज जास्तच कडू केलंस बघ."

ती तोंड उघडून हसली. मग फुलपात्र आमच्याच रांजणावर विसळून, उद्या लवकर येते म्हणून काठी टेकत निघून गेली.